डाव्या पायाचं शहाणपण

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला लोखंडी नळीचा एक तुकडा आहे. लांबी तीन इंच. एका कडेला लेथच्या टूलचे बारीक गोल ओरखडे आहेत, दुसऱ्या कडेला जुना काळा रंग. भोसरीतल्या एका शेडमध्ये टर्नरनं तो कापून, गरम असतानाच, चिंधीत धरून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "घ्या साहेब, एवढ्यासाठी तीन महिने थांबला होतात."

खरंच एवढ्यासाठीच थांबलो होतो. गाडी १९६५ सालची शेव्हरोलेट इम्पाला, उजव्या स्टिअरिंगची, आठ सिलिंडरची. मालक माझे जुने स्नेही. गाडी त्यांच्या वडिलांकडून आलेली. तिच्यात मूळचा दोन गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक होता. तो उतरवून त्याच कंपनीचा, पण सतरा वर्षांनी धाकटा असलेला चार गिअरचा ७००आर४ बसवायचा, असं एका रविवारी चहा पिताना ठरलं. दोन्ही जनरल मोटर्सचे, इंजिनाच्या पाठीला लागणारी बोल्टांची भोकं जुळणारी, म्हणजे काम दोन दिवसांचं, असा आमचा हिशेब होता. बोल्ट जुळले. मग लक्षात आलं की नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा तीन इंच लांब आहे. तो मागे सरकला, की प्रॉपेलर शाफ्टला जागा उरत नाही. शाफ्ट कापायचा, तर तो पुन्हा वेल्ड करून बॅलन्स करायला हवा. बॅलन्स करायचा, तर आधी दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन मोजायला हवेत. कोन मोजायचे, तर गिअरबॉक्स आपल्या फाउंडेशनवर बसलेला हवा. आणि फाउंडेशन ज्या आडव्या पट्टीवर बसतं, ती पट्टीच आता चुकीच्या जागी होती.

ऑटोमॅटिक गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बदलून दुसरा ऑटोमॅटिक बसवायचा, हा या पुस्तकाचा विषय. ऐकायला तो इतका बारीक वाटतो की यावर पुस्तक कशाला, असं प्रकाशकांनीही विचारलं. मी त्यांना हा नळीचा तुकडा दाखवला.

आता 'मसल कार' या शब्दाबद्दल, म्हणजे पुढे भांडण नको. अमेरिकेत मध्यम आकाराच्या, साध्या घरगुती गाडीत मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन घालायचं आणि ती तरुण पोरांना परवडेल अशा किमतीत विकायची, ही कल्पना १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओनं रुजवली, असं सर्वसाधारणपणे मानतात. पुढच्या दहा वर्षांत ती लाट आली आणि पेट्रोलच्या टंचाईबरोबर ओसरलीही. या व्याख्येनं आमची इम्पाला मसल कार ठरत नाही. ती थोरल्या घरातली, अंगानं मोठी. कट्टर मंडळींनी तिला यादीतून खुशाल काढावं. गिअरबॉक्सला हा भेद कळत नाही. गंमत अशी, की त्या नावाजलेल्या जीटीओलाही पहिली तीन वर्षं ऑटोमॅटिकमध्ये दोनच गिअर मिळायचे. तीन गिअरचा टर्बो हायड्रामॅटिक ४०० तिला मिळाला १९६७ च्या मॉडेलपासून. म्हणजे इंजिनात दीडदोन हत्तींचं बळ, आणि ते रस्त्यावर उतरवायला पायऱ्या दोन.

पुण्यात अशा गाड्या किती, असा प्रश्न येईल. फार नाहीत, आणि त्याला कारण आहे. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या. पण पन्नासच्या दशकात सरकारी धोरण बदललं, फक्त गाड्या जुळवणाऱ्या परदेशी कंपन्यांना इथे राहणं परवडेनासं झालं आणि १९५४ मध्ये जनरल मोटर्सनं गाशा गुंडाळला. त्यानंतर अमेरिकन गाडी आली ती वकिलातींतून, बदली होऊन परत जाणाऱ्या साहेबांकडून किंवा तशाच कुठल्या आडवाटेनं. म्हणजे अमेरिकेत मसल कारचा पूर ऐन भरात होता, तेव्हा आपल्याकडे दार लावलेलं होतं. जी काही मोजकी धूडं फटीतून आत आली, त्यांच्यासाठी सुटे भाग मागवणं ही चैनच होती. मग आपल्या मिस्त्री लोकांनी जे केलं, त्याला आज परदेशात 'स्वॅप' म्हणतात आणि त्याच्या स्पर्धा भरवतात. आपल्याकडे त्याला नुसतं 'बसवणं' म्हणायचे. "त्याला मॅटाडोरचं बसवलंय," एवढं वाक्य पुरायचं. आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचं डिझेल इंजिन कशाकशात गेलं याचा कुणी हिशेब ठेवलेला नाही. पेट्रोल पिणाऱ्या मोठ्या गाड्यांमध्ये असली इंजिनं बसली, त्यांच्याबरोबर त्यांचे गिअरबॉक्सही आले, आणि लग्नाच्या वरातीपुरती उरलेली गाडी पुन्हा भाडी मारू लागली. छंद म्हणून हे कुणी करत नव्हतं. गाडी उभी राहिली तर चूल थंड, एवढाच प्रश्न होता.

आणि हे फक्त गल्लीतल्या गॅरेजातच चालायचं असंही नाही. ॲम्बॅसॅडरला नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन आणि पाच गिअरचा, खाली मधोमध दांडा असलेला गिअरबॉक्स मिळाला. ही कंपनीनं स्वतःच्या कारखान्यात केलेली अदलाबदलच. ज्यांनी आयुष्यभर 'हँडल गिअर' म्हणजे स्टिअरिंगजवळचा दांडा ओढला, ते जुने ड्रायव्हर खालच्या दांड्याला हात घालताना आधी सवयीनं वर हवेत चाचपडायचे. मी हे पाहिलंय, माझ्याच घरात.

तर ऑटोमॅटिक. पुण्याला ऑटोमॅटिक गाडी शिकवली ती मोटारीनं नाही, स्कूटरनं. या शहरात डाव्या मुठीत गिअर फिरवणं हे चालायला शिकण्याइतकं स्वाभाविक होतं. आकुर्डीची चेतक १९७२ पासून घरोघरी. त्यात १९८४ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकनं होंडाशी भागीदारी केली, आणि कायनेटिक होंडा आली. क्लच नाही, गिअर नाही, बटण दाबलं की चालू. आत रबरी पट्टा आणि वजनाचे छोटे रोलर. वेग वाढला की रोलर बाहेर फेकले जातात, पट्टा पुलीवर वर चढतो आणि गिअर आपोआप बदलतो, पायऱ्या न पाडता, उतारावरून घसरावं तसा. "ही काय गाडी, हिला गिअरच नाहीत" असं म्हणणारे पुरुष आणि लक्ष्मी रोडवरून निवांत निघून जाणाऱ्या त्यांच्या बायका, हे दृश्य ज्यांनी पाहिलंय त्यांना माझा पुढचा मुद्दा पटकन कळेल. गिअर नव्हते असं नाही. गिअर बदलण्याचा निर्णय माणसाच्या हातून काढून वजनाच्या रोलरांकडे दिला होता.

मोटारीत तो निर्णय डावा पाय घेतो. आपल्याला वाटतं डावा पाय म्हणजे नुसता क्लच दाबणारा हमाल. जंगली महाराज रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता अर्धा क्लच देत तीन किलोमीटर रांगा, मग कळतं तो काय काय ऐकत असतो. इंजिन घुसमटतंय का, चढ किती आहे, मागे किती माणसं बसलीत, उजवा पाय किती घाईत आहे. हे सगळं ऐकून तो क्लच किती आणि कधी सोडायचा ते ठरवतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे हे सगळं शहाणपण यंत्राच्या पोटात भरणं. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये ते तारांत नाही, संगणकात नाही. ते लाल तेलात आहे.

इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्याचं वर्णन इंग्रजी पुस्तकांत पंख्यांच्या दाखल्यानं करतात. मला ताकाचा दाखला जवळचा वाटतो. डेऱ्यात रवी फिरवली की ताकही गरगरतं. त्याच डेऱ्यात दुसरी, मोकळी रवी सोडली, तर ते गरगरतं ताक तिलाही फिरवील. दोन रव्यांचा एकमेकींना स्पर्श नाही. इंजिन म्हणजे पहिली रवी, गिअरबॉक्स दुसरी, ताकाच्या जागी तेल. म्हणून सिग्नलला इंजिन चालू असूनही गाडी उभी राहते. ताक हळू फिरतं, दुसरी रवी अडून राहते. मधे आणखी एक तिसरा पंखा असतो, तो परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून पहिल्या रवीला हात देतो, आणि त्यामुळे गाडी हलताना जोर वाढतो. हे एवढं समजलं की पॉवरग्लाइडला दोन गिअर कसे पुरायचे तेही समजतं. उरलेली पायरी तेलच भरून काढायचं. पुरायचं, पण फक्त सपाट रस्त्यावर.

हिशेब करून बघू. पॉवरग्लाइडचा पहिला गिअर १.८२, जनरल मोटर्सच्याच टर्बो ३५० या गिअरबॉक्सचा २.५२, ७००आर४ चा ३.०६. मागचा डिफरन्शियल ३.३१ चा धरला, तर पहिल्या गिअरमध्ये चाकाला मिळणारा एकूण गुणाकार अनुक्रमे सुमारे ६, सव्वाआठ आणि १० होतो. दिवे घाटात मधे ट्रक थांबला आणि तुम्हाला चढावरच उभं राहून पुन्हा निघायचंय. सहा आणि दहा यांतला फरक तेव्हा पोटात जाणवतो. आता दुसरं टोक. द्रुतगती मार्गावर ताशी १०० ला, २६ इंच व्यासाच्या टायरवर, टॉप गिअर सरळ एकास एक असेल तर इंजिन मिनिटाला सुमारे २,६५० फेरे घेतं. ७००आर४ चा चौथा गिअर ०.७० चा आहे. त्यात तेच इंजिन १,८५० च्या आसपास फिरतं. कानाला फरक कळतो, पेट्रोलच्या बिलाला त्याहून जास्त. हे आकडे मी वहीत मांडले त्या दिवशी आमचे स्नेही म्हणाले, "म्हणजे खाली बैल आणि वर घोडा." तेच.

म्हणून ७००आर४. १९८२ मध्ये आलेला हा गिअरबॉक्स जुन्या शेव्हरोलेटवाल्यांचा लाडका आहे, आणि त्यांना सर्वांत जास्त रडवणाराही तोच. कारण त्याला एक केबल असते. थ्रॉटलची केबल, एक टोक कार्ब्युरेटरवर, दुसरं गिअरबॉक्सच्या आत. दिसायला साधी, ब्रेकच्या केबलसारखी. पॉवरग्लाइड आणि टर्बो ३५० वर हात बसलेल्या माणसाला वाटतं ही केबल म्हणजे झटकन खालचा गिअर घेण्यासाठी. टर्बो ३५० मध्ये ती त्यासाठीच असते. इंजिनावर किती भार आहे हे तिथे एका रबरी नळीतून, इंजिनाच्या ओढीवरून कळतं. ७००आर४ मध्ये ती नळी नाहीच. उजव्या पायानं किती दाबलंय हे गिअरबॉक्सला सांगणारी ही एकच वाट, आणि आतल्या क्लचप्लेटा किती जोरानं आवळायच्या हा तेलाचा दाबही तीच ठरवते. डाव्या पायाचं सगळं शहाणपण त्या एका केबलमध्ये येऊन बसलेलं आहे. ती इंचाच्या एका भागानं सैल राहिली, तर गिअर नीट पडल्यासारखे वाटतात, गाडी मऊ चालते, माणूस खूश होतो, आणि आत प्लेटा घसरत घसरत जळतात.

माझ्या हातून नेमकं हेच झालं. केबल मी बसवली. कार्ब्युरेटर मूळचा नव्हता, त्याच्या दांड्यावर केबल ओढणारी खुंटी मूळ अंतरावर नव्हती, आणि मी "चालतंय की" म्हणून सोडून दिलं. पुण्यातून निघालो तेव्हा गिअर लोण्यासारखे पडत होते. तसे पडायला नको होते, हे मला आता माहीत आहे. लोणावळ्यापर्यंत तिसऱ्यातून चौथ्यात जाताना इंजिन नुसतंच गुरगुरू लागलं होतं. खाली उतरून तेलाची पट्टी ओढली. लाल तेल तपकिरी झालेलं, आणि वास करपलेल्या दुधाचा. पाचशे रुपयांची खुंटी वाचवून मी एक अख्खा गिअरबॉक्स जाळला. या पुस्तकातलं केबलवरचं प्रकरण सर्वांत लांब आहे. ते तसं का आहे, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

उजव्या स्टिअरिंगची एक वेगळी भानगड आहे आणि ती अमेरिकन पुस्तकांत सापडत नाही, कारण त्यांना ती नाहीच. जनरल मोटर्सच्या या गिअरबॉक्सना गिअर निवडायचा आर्म डाव्या अंगाला असतो. त्यांचा ड्रायव्हर डावीकडे, त्याचा स्टिअरिंगचा दांडा डावीकडे, आर्म डावीकडे, सगळं सरळ खाली. आपला ड्रायव्हर उजवीकडे. दांड्यापासून आर्मपर्यंत गिअरबॉक्स ओलांडून जावं लागतं, आणि तिथे एक्झॉस्टचा पाइप आडवा येतो. मूळ गाडीत कंपनीनं त्यासाठी आडवा दांडा घातलेला असतो. तो नव्या गिअरबॉक्सशी जुळेलच असं नाही. आम्ही शेवटी मधोमध केबलवाला शिफ्टर बसवला आणि वरचा दांडा शोभेला ठेवला. स्नेह्यांना ते अजून खुपतं. माझ्यापुरतं सांगायचं तर दांडा जिथे हात मागतो तिथे असला की झालं.

आणखी एक गोष्ट, ती स्वतः सोसून शिकलेली नसली तरी दुसऱ्याची सोसलेली पाहिलेली. कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्ये बसवताना तो फिरवत फिरवत आत ढकलायचा असतो. तो तीनदा खाली सरकतो, आणि दर वेळी हाताला 'टक' असा धक्का कळतो: एकदा आतल्या शाफ्टवर, एकदा त्या तिसऱ्या पंख्याच्या आधाराच्या दात्यांवर, आणि शेवटी तेलाच्या पंपाच्या खाचांत. दोनच टक झाले आणि तसाच गिअरबॉक्स इंजिनाला लावून बोल्ट आवळले, तर बोल्ट स्वतःच्या ताकदीनं कन्व्हर्टर आत दाबतात आणि पंप फुटतो. गिअरबॉक्स सुरू होण्यापूर्वीच मेला. सुमारे सत्तर किलोचं हे धूड जॅकवर तोलत, गाडीखाली पाठीवर पडून, घामानं डोळे चुरचुरत असताना तीन टक मोजणं सोपं नाही. मोजा. दोन झाल्यावर चहा प्यायला जाऊ नका.

या देशात ज्या गाडीला आपण कौतुकानं 'आपली मसल कार' म्हणतो, ती काँटेसा. तिच्याशिवाय हे पुस्तक अर्धं राहिलं असतं. हिंदुस्थान मोटर्सनं १९८४ मध्ये ती आणली, पण तिचा साचा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचा, १९७२ मध्ये आलेल्या व्हिक्टरचा. तोंडावळा अमेरिकन, आवाज आणि अंगकाठी दांडगी, आणि सुरुवातीला आत इंजिन ॲम्बॅसॅडरचंच, १४८९ सीसीचं. पहिलवानाच्या पोशाखात कारकून. इसुझूचं १८०० सीसी इंजिन आणि पाच गिअर आले तेव्हा कुठे तिला अंगाला शोभेल असा दम मिळाला. २००२ मध्ये ती बंद झाली आणि नेमकी तेव्हापासून तिची किंमत कळू लागली. आज पुण्यात काँटेसा घेऊन तिच्यात ऑटोमॅटिक बसवायचं म्हणणारे तरुण मला भेटतात. त्यांना मी आधी एक गोष्ट सांगतो. त्या व्हॉक्सहॉलला तिच्या मायदेशी तीन गिअरचा ऑटोमॅटिक पर्याय म्हणून मिळायचा. म्हणजे तुम्ही गाडीच्या मनाविरुद्ध काही करत नाही. साचा काढणाऱ्यांनी ही शक्यता तेव्हाच धरली होती.

दुसरी गोष्ट मात्र त्यांना आवडत नाही. ऑटोमॅटिक कुठला, असं विचारलं की उत्तर येतं, स्कॉर्पिओचा. स्कॉर्पिओला सहा गिअरचा ऑटोमॅटिक २००८ मध्ये आला. मागच्या चाकांना जोर देणारा, दणकट, आणि गाडी नाशिकची, म्हणजे भाग इथे मिळणारे. सगळं बरोबर. पण त्या गिअरबॉक्सचा मेंदू तेलात नाही, वेगळ्या डब्यात आहे, आणि तो डबा स्वतःच्या इंजिनाच्या डब्याशी सतत बोलत असतो. त्याला इंजिनाचे फेरे, पायाचा दाब, तापमान हे सगळं विजेच्या भाषेत ऐकायला हवं. कार्ब्युरेटरच्या इसुझूला ती भाषा येत नाही. गिअरबॉक्स नाना पेठेत नाहीतर एखाद्या भंगाराच्या गोदामात मिळेल, आणि मग तो वर्षभर गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहील, कारण त्याच्याशी बोलणारा स्वतंत्र कंट्रोलर आणायचा, त्याला कार्ब्युरेटरवर सेन्सर लावून द्यायचा, आणि मग प्रत्येक गिअर किती वेगाला, किती दाबाला पडावा हे कुणीतरी बसून लिहायचं. पुन्हा तेच: डाव्या पायाचं शहाणपण कुणीतरी लिहून द्यावंच लागतं. १९६५ मध्ये ते डेट्रॉइटच्या माणसानं स्प्रिंगा निवडून लिहिलं, आज तुम्ही लॅपटॉपवर लिहाल. ते आपोआप होत नाही, 'ऑटोमॅटिक' असं नाव असलं तरी.

यंत्राच्या पोटातल्या या शहाणपणाला माणसांनी लवकर विश्वासानं घेतलं नाही, हे आठवून मला बरं वाटतं. ओल्ड्समोबिलनं १९४० च्या मॉडेलसाठी हायड्रामॅटिक बाजारात आणला, तेव्हा ग्राहक बिचकत. मग युद्ध आलं, आणि हाच गिअरबॉक्स अमेरिकन हलक्या रणगाड्यांत बसला. चॅफी रणगाड्यात कॅडिलॅकची दोन इंजिनं, आणि प्रत्येकाला आपला हायड्रामॅटिक. हेच चॅफी पुढे पाकिस्तानकडे गेले आणि १९७१ मध्ये गरीबपूरला आपल्या पीटी-७६ रणगाड्यांसमोर आले. अहिल्यानगरच्या, आमच्या तोंडी अजून नगरच्याच, रणगाडा संग्रहालयात मी मुलांना घेऊन जातो तेव्हा ती तोफा मोजतात आणि मी खाली वाकून गिअरबॉक्स कुठे असेल ते पाहतो. पहारेकऱ्याला माझा संशय येतो.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम म्हणतं की नोंदणीपत्रातले तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठणकावून सांगितलं. नोंदणीपत्र, म्हणजे आपलं आरसी बुक, उघडून पाहा: चासी नंबर, इंजिन नंबर, इंधन, रंग. गिअरबॉक्सचा रकाना नाही. २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी विंटेज नोंदणी आली, पहिल्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' अक्षरं. तिच्या व्याख्येत चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा असं म्हटलंय. गिअरबॉक्सचं नाव तिथेही नाही. यावरून कुणी "मग सगळं माफ" असा अर्थ काढू नये. गिअरबॉक्ससाठी चासीला गॅस कटर लावलात, की तुम्ही व्याख्येच्या बाहेर गेलात. आम्ही इम्पालाच्या चासीला एकही भोक पाडलं नाही. आडवी पट्टी नवी केली, आणि ती मूळच्याच भोकांत बसते. मूळ पट्टी, मूळ शाफ्टचं टोक, मूळ पॉवरग्लाइड, तेल भरून, तोंडं बुचं लावून बंद करून, लाकडी खोक्यात आहे. खोक्यावर गाडीचा नंबर आणि तारीख लिहिली आहे. उद्या स्नेह्यांच्या मुलाला गाडी जशीच्या तशी हवी झाली, तर शनिवार-रविवार पुरतील. आणि तो तुकडा माझ्या टेबलावर आहे म्हणून शाफ्ट मात्र दुसरा करावा लागेल; तेवढा गुन्हा कबूल.

हे पुस्तक कुणासाठी नाही ते सांगतो. ज्यांना स्पर्धेत पाव मैल पळवायचंय त्यांच्यासाठी नाही. त्यांना उलट पॉवरग्लाइडच हवा असतो, त्याचे दोन गिअर आणि साधेपणा तिथे अजूनही चालतो. ज्यांची गाडी संग्रहालयात उभी राहायची आहे, त्यांनीही हे पुस्तक परत करावं. जी गाडी कात्रजच्या घाटात तापते, पावसाळ्यात गंजते, घरच्यांच्या लग्नाला जाते आणि महिन्यातून एकदा वाई किंवा पाचगणीला जाऊन यावी असं वाटतं, त्या गाडीच्या माणसासाठी हे आहे. तेल थंड ठेवायच्या कूलरवर मी त्यामुळेच फार लिहिलंय. अमेरिकन पुस्तकं त्याला 'पर्यायी' म्हणतात. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता खंबाटकीत ट्रकांच्या मागे रांगणाऱ्या गाडीला तो पर्यायी नाही.

शब्दांचं सांगायचं तर मी गॅरेजची भाषा ठेवली आहे. 'माउंटिंग'ला फाउंडेशन, 'युनिव्हर्सल जॉइंट'ला क्रॉस, 'गॅस्केट'ला पॅकिंग. नाना पेठेतल्या काउंटरवर उभं राहून शुद्ध नाव घेतलंत तर दुकानदार मुलाकडे पाहतो. क्रॉस म्हटलं की वस्तू समोर येते. कोशातला 'स्वयंचलित गतिपेटी' हा शब्द मी एका प्रकरणात वापरून पाहिला आणि टर्नरला वाचून दाखवला. तो म्हणाला, "ही कुठल्या गाडीला असते?"

त्याचे आभार मानायचे आहेत, पण त्यानं नाव छापू नका असं बजावलंय. छापलं तर, म्हणे, असली तीन इंची कामं घेऊन सगळं गाव येईल आणि खरी कामं मागे पडतील. शाफ्ट बॅलन्स करून देणारे ट्रकच्या धंद्यातले आहेत. आमच्या शाफ्टकडे ते खेळण्यासारखं बघत होते, तरी काम त्यांनी ट्रकच्याच काळजीनं केलं. माझ्या बायकोनं बाल्कनीतल्या त्या लाकडी खोक्यावर कुंड्या ठेवल्या आहेत. खोकं आमच्याकडे का, असं ती अजून विचारते. स्नेह्यांच्या घरी जागा नाही, हे उत्तर तिला पटलेलं नाही.

पहिलं प्रकरण सुरू करण्याआधी गाडीखाली जा. जॅकवर नाही, स्टँडवर. चाकांना लाकडं लावून. चार मापं घ्या: इंजिनाच्या पाठीपासून गिअरबॉक्सच्या फाउंडेशनपर्यंत, पाठीपासून मागच्या टोकापर्यंत, प्रॉपेलर शाफ्टची क्रॉस ते क्रॉस लांबी, आणि शाफ्टचा पुढचा तुकडा गिअरबॉक्सच्या आत किती गेलाय ते. ती लिहायला पुढचं पान कोरं सोडलं आहे. तेलकट बोटं लागणार, म्हणून तेवढ्या पानाचा कागद मी जाड घ्यायला लावला.